पिंगळीच्या उत्सवातला गाडीवाला

पंचफुलाचं पहिलं बाळंतपण माहेरी, पिंगळीत झालं, ते साल एकोणीसशे पंच्याऐंशी. जानेवारीची दोन तारीख. इतकी थंडी होती की सुईणीनं आधी शेगडी मागितली आणि मग गरम पाणी. पंचफुलाचा बाप मुंजाजी बाहेर ओट्यावर घोंगडी पांघरून बसला होता. आतून त्याची बायको तानुबाई आली आणि म्हणाली, "नातू झाला तुमाला."

"रडला का?"

"रडला की. न रडायला काय झालं?"

"दमदार रडला का बारीक?"

"तुमाला सगळ्यात आधी आवाजच लागतो," तानुबाई म्हणाली. "माणूस इचारतं, कुणावर गेलाय, नाक कसं हाय. तुमचं आपलं आवाज."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मुंजाजीनं बत्तीस वर्षं रेल्वेत गँगमनची नोकरी केली होती. परभणी ते मिरखेल हा त्याचा रस्ता. खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेनं चालायचं आणि सांध्यावर ठोका मारून ऐकायचं. ठण्ण वाजलं तर सांधा घट्ट, बद्द वाजलं तर ढिला. या कामानं त्याचे कान असे तयार झाले होते की डोळ्यांना फारसं काम उरलं नव्हतं. जमिनीवर तळहात टेकवला की मिरखेलहून गाडी सुटली का नाही ते तो सांगायचा. दहातल्या नऊ वेळा बरोबर असायचं. दहाव्या वेळी गाडीच चुकीच्या वेळेला आलेली असायची, असं तो म्हणायचा.

त्र्याऐंशी साली तो निवृत्त झाला. रेल्वेची खोली सोडली आणि रुळापलीकडे आपल्या वस्तीत दोन खोल्यांचं घर बांधून राहिला. नोकरी सुटली, पण एक काम त्यानं सोडलं नाही. ते पगाराचं नव्हतं. ते उत्सवातलं होतं.

पिंगळीत दरवर्षी माघ महिन्यात तीन दिवस गाण्याबजावण्याचा उत्सव व्हायचा. गावातले मोठे शेतकरी दिनकरराव, त्यांचे चुलते गाण्यापायी उभं आयुष्य फिरत राहिले होते. ते वारल्यावर त्यांच्या नावानं दिनकररावांनी हा उत्सव सुरू केला. मांडव पडायचा स्टेशनाला लागून असलेल्या त्यांच्याच शेतात. गवई, सारंगीवाले, तबलजी हैदराबाद, नांदेड, पुण्याकडून गाडीनं यायचे. डब्यातून उतरलं की शंभर पावलांवर बैठक. बैलगाडी नको, जीप नको. सोयीची जागा म्हणून सगळ्यांनी वाखाणली.

पण पहिल्याच वर्षी त्या सोयीनं घात केला. पुण्याकडचे एक गवई डोळे मिटून सकाळचा राग आळवत होते. अगदी हलका, नाजूक सूर लागला होता, आणि कोळशाच्या इंजिनानं फाटकाजवळ शिट्टी दिली. पाठोपाठ मालगाडीचे डबे खडखडत गेले. गवयांनी डोळे उघडले, तंबोरा गवसणीत घातला आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. ते पुन्हा काही पिंगळीला आले नाहीत.

उत्सवाच्या स्वयंसेवकांची यादी करायचे किशनराव गुरुजी. ते गावच्या शाळेत शिक्षक होते. पाण्यावर कोण, जाजमं अंथरायला कोण, पाहुण्यांच्या जेवणावर कोण, असं सगळं त्यांच्या वहीत असायचं. दुसऱ्या वर्षी त्यांनी वहीत एक नवीन रकाना आखला : गाडी. पॅसेंजरची वेळ तक्त्यावर असते, ती कलावंतांना आधी सांगता येते. मालगाडीला तक्ता नाही. ती तिच्या मनानं येते. तिला ओळखणारा माणूस पाहिजे. गुरुजी मुंजाजीकडे गेले. मुंजाजी तेव्हा नोकरीत होता. त्यानं तीन दिवसांची रजा टाकली.

झेंडी कोणती धरायची यावर दोघांचा बराच वेळ खल झाला. गुरुजी म्हणाले, लाल. मुंजाजीनं कपाळाला हात लावला. "गुरुजी, लाल दाखवली तर ड्रायव्हर गाडीच उभी करील. हिरवी दाखवली तर त्याला वाटंल, काय हुकूम हाय. रुळाच्या कडंला ते दोन्ही रंग खेळायचे न्हाईत." मग तानुबाईनं जुन्या धोतराचा फडका हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवून दिला. पिवळी हातझेंडी रेल्वेच्या कुठल्या कायद्यात बसत नव्हती, म्हणून ती चालली.

रीत अशी ठरली. मुंजाजी रुळाच्या भरावावर, मांडवापासून तीनशे पावलांवर उभा राहणार. सिग्नलचा हात खाली पडला, म्हणजे गाडीला वाट मिळाली, आणि तिची चाहूल लागली की तो पिवळा फडका हलवणार. मांडवाच्या कडेला गुरुजी उभे राहून त्याच्याकडे बघणार आणि आपला हात वर करणार. कलावंतानं तो हात बघून सूर हलकेच ठेवून द्यायचा. तंबोरे चालूच राहणार. गाडी निघून गेली की जिथं सोडलं तिथून पुढं. दोन-चार वर्षांत लोकांना याची इतकी सवय झाली की त्या वेळेला नावच पडलं, गाडीची उसंत. उसंतीत लोक खोकून घ्यायचे, पान लावायचे, फेटा सारखा करायचे, शेजाऱ्याला हरभऱ्याचं पीक विचारायचे. कलावंतही पाणी प्यायचे. बाहेरगावच्या एका तबलजीनं तर म्हटलं होतं, असा नेम सगळ्या गावांनी ठेवावा, खोकणाऱ्यांची सोय होते.

गुरुजींना वाटायचं, हा माणूस आपल्यासाठी रजा टाकतो, उन्हाथंडीत उभा राहतो, याचे उपकार आहेत. मुंजाजीला तसं काही वाटत नव्हतं. त्याला ऐकायचं होतं. अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा मराठवाडा पेटला होता. त्यानंतर गाव आणि त्याची वस्ती यांच्यातलं बोलणं कामापुरतंच राहिलं होतं. मांडवात पुढं बसू नको असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं. बस, असंही कोणी म्हटलं नव्हतं. छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लागला की तो प्रश्नच मिटायचा. कुठं उभं राहायचं ते ठरलेलं असायचं, आणि तिथपर्यंत वारा आणील तेवढं गाणं त्याचं.

वारा मात्र सगळं आणायचा नाही. चढे सूर यायचे. सारंगीचा वरचा आवाज तर स्वच्छ यायचा, कोणी दूर शेतात हाक मारावी तसा. पण खालचं काही भरावापर्यंत पोचत नव्हतं. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं मुंजाजीला नुसती माणसांची डोकी हलताना दिसायची. तिथं काय चाललंय ते कळायचं नाही.

सारंगी वाजवायला यायचे कासीममियाँ. हैदराबादचे. सत्तरी ओलांडलेला बारीक अंगाचा माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बैठक त्यांची. दरवर्षी तोडी हा सकाळचा रागच वाजवायचे. ते गाडीतून उतरले की सारंगीची पेटी मुंजाजीच्या हातात द्यायचे, दुसऱ्या कोणाला देत नसत. "तुम आहिस्ता चलते," म्हणायचे.

त्या वर्षी नातू महिन्याचा झाला आणि उत्सव आला. कासीममियाँ उतरले, पेटी मुंजाजीच्या हातात दिली आणि फलाटावरच्या बाकड्यावर जरा टेकले. म्हणाले, "मुंजाजी, ये मेरा आखरी फेरा है."

"कामून मियाँ?"

"हाथ काँपते अब. लड़के बोलते, अब्बा, बस हुआ, रेल का सफर नक्को." मग त्यांनी सहज विचारलं, "तुम कभी पूरा सुने क्या मेरा बाजा?"

"सुना की. पाच साल से सुनता मैं," मुंजाजी त्याच्या हिंदीत म्हणाला.

"क्या सुने?"

मुंजाजीला खोटं बोलता आलं नाही. "वरचं वरचं सुना मियाँ. खालचं नहीं आता भरावपर."

कासीममियाँ हसले. "अरे बाबा, नीचे का इच तो असल है. ऊपर का तो सबको सुनाई देता."

एवढंच बोलून ते उठले. पण मुंजाजीच्या डोक्यातून ते जाईना. पाच वर्षं आपण उभं राहून जे ऐकलं ते अर्धंच. आणि उद्या सकाळी ते वाजवतील, आणि मग संपलं. पुन्हा ते येणार नाहीत. उद्या एकदा जवळ बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं तर ऐकलं.

संध्याकाळी तो गुरुजींकडे गेला. गुरुजी वही घेऊन मांडवात बसले होते. जवळ दत्तराव होते. मांडव उभारणं, जाजमं, कनाती, हे सगळं खातं दत्तरावांचं. माणूस वाईट नव्हता, पण चेष्टा केल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे.

"गुरुजी, उद्या सकाळच्याला मला सुट्टी पायजे," मुंजाजी म्हणाला. "फक्त मियाँची बैठक होईस्तोर."

गुरुजींनी चष्मा काढला. "मुंजाजी, तुम्हाला नाही म्हणायला मला जड जातंय. पण झेंडी कोण धरणार? तुमच्या जागी माणूसच नाही. नोकरीतले गँगमन सगळे कामावर."

"मी धरते."

तानुबाई मांडवाच्या दारात उभी होती. नवरा काय मागायला आलाय ते तिनं घरीच ऐकलं होतं आणि ती मागोमाग आली होती.

दत्तराव मोठ्यानं हसले. "तानुबाई, तुमी भरावावर उभ्या राह्यलात तर ड्रायव्हर गाडी थांबवून इचारील, मावशी, कुठं जायचंय?"

"इचारू द्या. सांगीन, दत्तरावाच्या लग्नाला जायचंय, पण लय उशीर झालाय," तानुबाई म्हणाली. दत्तरावांचे केस पांढरे झाले होते आणि घरात तीन सुना होत्या. गुरुजींनी हसू दाबलं. "बत्तीस वर्सं यायच्या भाकरीच्या डब्यापायी रुळाच्या कडंनं चालले मी. कोणती गाडी भरून जायलीय आन् कोणती रिकामी, ते मला पाठमोरी असले तरी कळतंय. तुमच्या म्हशीची येळ भरली का न्हाई ते तुमाला शेजारीण येऊन सांगते."

"बरं बाई, हरलो," दत्तराव म्हणाले.

"आन् बाळंतीण?" मुंजाजीनं बायकोला विचारलं.

"तिलाच इचारून आलेय. म्हणाली, लेकरू माझं हाय, दोन घंटे मला संभाळता येत न्हाई का?"

गुरुजींनी वहीत 'गाडी' या रकान्यात मुंजाजीच्या नावावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, तानुबाई, सकाळपुरत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तानुबाई मुंजाजीचा रेल्वेचा जुना डगला घालून निघाली. तो तिला गुडघ्यापर्यंत येत होता. मुंजाजी मागून सांगत होता, "आधी सिग्नलकडं बघ. त्याचा हात पडला तरच फडका हलव. नुसत्या आवाजावर जाऊ नको."

"तुमी जा. तोंड धुवा आन् जा," ती म्हणाली.

मुंजाजी मांडवात गेला तेव्हा लोक जमत होते. तो मागच्या खांबाला टेकून बसला. कासीममियाँ बैठकीवर सारंगी मांडीशी उभी धरून तिचे कान, म्हणजे तारांच्या खुंट्या, पिळत होते. त्यांची नजर मांडवभर फिरली आणि त्याच्यावर थांबली.

"मुंजाजी! वहाँ क्या पटरी है तुम्हारी? आगे आओ!"

सगळे वळून बघायला लागले. मुंजाजी उठून उभा राहिला आणि तसाच राहिला. तेव्हा दत्तराव पुढच्या ओळीतून म्हणाले, "या की. जाजम मीच अंथरलंय, चावत न्हाई." ते थोडे सरकले. मुंजाजी त्यांच्या शेजारी जाऊन बसला. मांडीवर हात ठेवून, फोटो काढायला बसतात तसा ताठ.

सारंगी सुरू झाली.

पहिला आवाज आला तो त्याला आधी ओळखूच आला नाही. तो कानात येण्याआधी जाजमातून आल्यासारखा वाटला. जाड तारेवर गज ओढलेला. माणूस झोपेतून उठून पहिला शब्द बोलतो, घसा अजून मोकळा झालेला नसतो, तसा तो आवाज होता. मियाँ वर जायची घाई करत नव्हते. तिथंच, खाली, दोन-तीन सुरांत फिरत होते. एकाच जागेवर पुन्हा पुन्हा यायचे आणि दरवेळी ती जागा थोडी वेगळी लागायची. मुंजाजीला वाटलं, पाच वर्षं मी झाडाचा शेंडाच बघत होतो. बुंधा आज बघतोय.

किती वेळ गेला त्याला कळलं नाही. मियाँ अजून खालीच होते. आणि तेवढ्यात जाजमाखालून दुसरं काही आलं.

त्याच्या पायाला कळलं आधी. मग मांडीला. बारीक, एकसारखी घरघर. मालगाडी, मिरखेलकडून, भरलेली. कापसाच्या गाठी असाव्यात किंवा सिमेंट. जवळ आलीय. त्यानं मान वळवून गुरुजींकडे बघितलं. गुरुजी मांडवाच्या कडेला उभे होते, भरावाकडे बघत होते, पण त्यांचा हात खालीच होता. मुंजाजीला भराव दिसत नव्हता. मध्ये दत्तरावांची कनात होती. त्याच्या मनात आलं, तानुबाईला ऐकू आलं नसेल. वारा उलटा असेल. नाहीतर बाळाचं काही झालं आणि पंचफुलानं हाक मारली म्हणून ती घरी गेली असेल. आता शिट्टी होणार. बरोबर या जागेवर शिट्टी होणार. मियाँचा शेवटचा फेरा, आणि त्यांच्या या सुरावर इंजिन ओरडणार.

त्यानं हात मांडीखाली दाबून धरला. घरघर वाढली. आणि मग त्याचा उजवा हात, त्यानं ठरवायच्या आतच, वर गेला.

दुसऱ्या कोणाचा हात असता तर मियाँनी लक्ष दिलं नसतं. पण पाच वर्षं पिंगळीची गाडी म्हणजे मुंजाजी हे त्यांच्या मनात पक्कं होतं. त्यांनी गज हलकेच उचलला. तंबोरे नुसते झंकारत राहिले.

उसंत झाली. लोक खोकले. पानाचे डबे उघडले. दत्तरावांनी आळस दिला. गुरुजी मात्र गोंधळून एकदा भरावाकडे आणि एकदा मांडवात बघत होते.

गाडी आली नाही.

एक मिनिट गेलं, दोन गेली. घरघरही थांबली. पानं चघळून झाली, खोकण्यासारखं कोणाकडे काही राहिलं नाही. मुंजाजीचा हात अजून अर्धा वरच होता. दत्तराव उठले, कनात बाजूला सारून बाहेर गेले आणि ओरडले, "तानुबाई! गाडी हाय का?"

भरावावरून उत्तर आलं ते सगळ्या मांडवानं ऐकलं. "आउटरच्या सिग्नलला उभी हाय! सिग्नल पडला न्हाई! गाणं कुणी बंद केलं?"

"तुमच्याच मालकानं!"

"त्यायला म्हणावं, झेंडी माझ्याकडं हाय!"

मांडव हसला. अगदी मागं बसलेल्या बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मुंजाजीनं हात खाली घेतला. त्याचे कान गरम झाले होते. सिग्नल पडला तरच, असं सकाळी आपणच बायकोला बजावलं होतं. भरावावर त्याच्या पायानं आणि त्याच्या डोळ्यानं मिळून काम केलं होतं. आज डोळ्यापुढं कनात होती आणि त्यानं नुसत्या पायाचं ऐकलं. एकदा पुरं ऐकायला म्हणून बसला, आणि ते मध्येच तोडलं ते त्यानंच. गाडीनं नाही.

तो उठला. "मियाँ, गलती झाली. मी भरावपर जाता," तो म्हणाला.

"बैठो," कासीममियाँ म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते तारा तपासत होते. थंडीत थांबल्यामुळं एक तार उतरली होती, तिचा कान त्यांनी पिळला. "तुम हाथ उठाए, मैं रुका. अच्छा हुआ. मेरे हिस्से का रुकना हो गया. अब गाडी आई तो मैं नहीं रुकता. आना है तो आने दो उसको."

"पण मियाँ," गुरुजी मांडवाच्या कडेनं म्हणाले, "मालगाडी उभी आहे. आता पाच-दहा मिनिटांत येणारच. ती जाऊ द्यावी, मग सुरू..."

"गुरुजी, तोडी को धूप नहीं चलती," मियाँ म्हणाले. "दिन चढ रहा."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. जाड तारेवर, अगदी खालून. मुंजाजी बसला होता, पण आता त्याला नीट ऐकायलाच येईना. शरमेनं कान भरून गेले होते. शेजारून दत्तराव त्याच्या कानाशी लागून म्हणाले, "मुंजाजी, खाली बघू नका. ते तुमच्याकडं बघून वाजवायलेत." मग त्यानं मान वर केली. हळूहळू पुन्हा तो आवाज जाजमातून यायला लागला. या वेळी मियाँ पहिल्यापेक्षा लवकर वर सरकले. तबलजीनं हात झटकून ठेका धरला.

गुरुजींचा हात वर गेला. सिग्नल पडला होता. भरावावर पिवळा फडका हलत होता. मियाँनी तो हात बघितला आणि डोळे मिटून घेतले.

शिट्टी झाली. मग इंजिन आलं, मग डबे. जमीन हलली, कनाती फडफडल्या. सारंगी बुडाली. तबला बुडाला. मांडवात शंभर-दीडशे माणसं होती, त्यांतल्या एकालाही काही ऐकू येत नव्हतं. आणि कासीममियाँ वाजवत होते.

मुंजाजीनं बघितलं. इतकी वर्षं त्याला वाटायचं, सारंगीवाला बोटांच्या टोकांनी तारा दाबतो. तसं नव्हतं. बोटं तारांच्या कडेला होती. नखाच्या मुळाशी जी कातडी असते ती तारेला लागून वर-खाली सरकत होती. त्या जागी कातडीला घट्टे पडले होते, काळे. खुद्द मुंजाजीच्या तळव्याला हातोड्याचे होते तसेच. हात कापत होते हे खरं होतं. गज उचलताना कापायचे. तारेला लागले की स्थिर व्हायचे. आणि मियाँ जोर करत नव्हते. गाडीवर मात करायला गज दाबून ओढत नव्हते. जेवढ्या हलक्या हातानं आधी वाजवत होते तेवढ्याच हलक्या हातानं, कोणाला ऐकू जात नसताना, एक एक जागा नीट लावून पुढं जात होते. एका जागी त्यांची मान किंचित डोलली. तिथं काहीतरी फार सुंदर झालं असणार. ते फक्त त्यांना कळलं.

गार्डाचा डबा गेला. आवाज परभणीकडे ओसरला. आणि त्याच्या आतून सारंगी वर आली. गाडी यायच्या आधी होती त्या जागेवर नव्हती. बरीच पुढं गेली होती.

बैठक संपली तेव्हा ऊन मांडवाच्या पायाशी आलं होतं. लोकांनी मनापासून दाद दिली. मुंजाजीनं टाळी वाजवली नाही. त्याच्या ते ध्यानातच आलं नाही.

दुपारच्या गाडीला तो पेटी घेऊन मियाँबरोबर फलाटावर गेला. मियाँ त्याच बाकड्यावर टेकले. मग मियाँनी विचारलं, "सुने?"

"सुना मियाँ. नीचे का सुना." मुंजाजी थांबला. "बीच का दिखा."

कासीममियाँ इतके हसले की त्यांना खोकला आला. त्यांनी मुंजाजीचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. ते हात कापत होते. गाडी आली, पेटी आत दिली, आणि ते गेले.

घरी तानुबाई चुलीपुढं होती. डगला खुंटीला होता. पंचफुला बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"काय वो, माझी बेइज्जती केली गावापुढं," तानुबाई म्हणाली. "लोक म्हनले असतील, बाईला गाडी कळली न्हाई."

"उलटं म्हनले. तुला कळली, मला न्हाई कळली."

"मग बरं." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "डबे किती होते?"

मुंजाजी विचारात पडला. बत्तीस वर्षांत समोरून गेलेल्या मालगाडीचे डबे त्यानं मोजले नाहीत असं झालं नव्हतं. ती सवयच होती.

"न्हाई मोजले," तो म्हणाला.

"एक्केचाळीस," तानुबाई म्हणाली. "आन् पुढल्या वर्षी झेंडी मीच धरणार. तुमी मांडवात बसा, पण हात खाली ठिवून."

त्याप्रमाणं झालं. पुढच्या माघात गुरुजींनी 'गाडी' या रकान्यात तानुबाईचं नाव पहिल्यापासूनच लिहिलं. मुंजाजीला त्यांनी जाजमांवर घातलं, दत्तरावांच्या हाताखाली. जाजम अंथरणारा माणूस अंथरून झालं की त्यावरच बसतो. दर सकाळी तो पुढं बसायचा. कासीममियाँच्या जागी नांदेडचे एक सारंगीवाले आले. ते चांगलं वाजवायचे. वरचं लवकर गाठायचे.

कासीममियाँ त्या पंच्याऐंशी सालीच, जून महिन्यात, रमजानचे रोजे चालू असताना हैदराबादेत वारले. त्यांच्या मुलाचं कार्ड गुरुजींना आलं आणि गुरुजींनी ते मुंजाजीच्या घरी जाऊन वाचून दाखवलं. मुंजाजी एकोणीसशे एक्क्याण्णव साली, बारा सप्टेंबरला, गुरुवारी दुपारी, पिंगळीत आपल्या घरी वारला.